हरलेल्याचा चहा

अहो लबाड,

हे पत्र मी भांडायला लिहितीये. तुम्हाला जाऊन पाच महिने झाले, एवढ्यात एकदाबी भांडले न्हाई. म्हणलं, गेलेल्या माणसाला कशाला तरास! पण परवा तुमच्या कंपनीतले भानुदास भाऊजी कुरकुंभवरनं आले. तुमचा डबा आन् लॉकरातला टॉवेल द्यायला आले व्हते, चहा पिता पिता सगळं सांगून बसले. तवापासनं माझं डोकं ठिकाणावर न्हाई.

मी आपलं सहज म्हणलं, ह्यांना कायमची रातपाळी, त्यात सकाळची बस रोज चुकायची, घरी यायला नऊ वाजायचे. तर भाऊजी म्हणले, "वहिनी, दादाची बस कवाच चुकली न्हाई. तो मुद्दाम सोडायचा. फाट्यावरच्या हाटेलात टीव्ही हाय, तिथं सकाळी सहाची मॅच संपेस्तवर बसायचा. कोण हरलं ते बघायचा आन् मगच घरी निघायचा."

मला काय कळंना. सहाची कुठली? सुट्टी सोडली तर मॅच दहालाच असती! भाऊजी हसाय लागले. दहाला तीच मॅच परत दावत्यात म्हणे, जरा कापूनकुपून.

अहो! म्हंजी चार वर्सं तुम्ही उत्तर बघून पेपर लिहीत व्हता? आन् तेबी नापास व्हायला?

मी किती भोळी! केबल आली तवापासनं आपला नेमच व्हता. रातभर जागून तुमचे डोळे तांबडेलाल, तरी अंघोळ केली की दहाला टीव्हीम्होरं बैठक. अमेरिकेतले कुठले कुठले खेळ. आधी तुम्ही टीम घ्यायची, उरंल ती माझी. हरंल त्यानं अकराचा चहा करायचा. आन् तुम्ही रोज हरायचा. गुमान राकेलच्या स्टोपाशी बसायचा, पिना मारायचा, तुम्ही, मी आन् तुमच्या आई, तिघांना तीन कप.

मी सगळ्या आळीत सांगत सुटले व्हते, आमच्या ह्यांना खेळातलं ओ का ठो कळत न्हाई, आन् मी मांडवगणची सातवी शिकलेली पोरगी अमेरिकेचा निकाल आधीच सांगते. नळावरच्या बाया मला पंचीणबाई म्हणायच्या. आता त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?

पण एक ध्यानात ठेवा, मला खेळ कळतो! माझी मतं ऐकाच आता. असताना मधी मधी बोलायचा, आता गप बसून ऐकावं लागंल.

त्या हेल्मेटवाल्यांच्या फुटबॉलाला मी अजून फुटबॉल म्हणत न्हाई. बाल काखेत मारून पळत्यात, पायाला लागतो कवातरी. चार पावलं झाली की वाकून गोल करत्यात आन् कुजबुजत्यात. ग्रामसभेत बी एवढ्या बैठका व्हत न्हाईत. पण एखादा गडी चौघांना हुकवून एकटाच सुटला ना, तर माझं बूड जमिनीला टेकत न्हाई, हे खरं.

बेसबॉलात तर माझ्याशी बोलूच नका. ज्वारीच्या शिवारात माळ्यावर उभी राहून गोफणीनं पाखरं हाकललीत मी. दगड कुठं जाणार ते मनगट बघून कळतं मला. आपला तो डावखुरा फेकणारा, लांब केसाचा, त्याचं कोपर गेल्या सालात खाली याय लागलं व्हतं. त्याला बसवा म्हणलं तर बसवत नव्हते, आन् रोज मार खात व्हते. आन् ते त्यांचे मास्तर! नाक धरत्यात, कान धरत्यात, टोपीला हात लावत्यात. बैलबाजारात भावासाठी रुमालाखाली बोटं दाबत्यात तसल्याच चोरट्या खुणा, फक्त रुमाल न्हाई. मारणाऱ्यानं मारलं की बॅट तिथंच टाकून पळायचं, ही रीत मात्र मला पटली न्हाई. कुणी नेली म्हंजी?

आन् बास्केटबॉल. एवढाली माणसं, हात वर केला की जाळीला लागतो. पण एकट्याला निवांत टाकायला दिलं, म्होरं कुणी आडवा न्हाई, तवा चुकतो! आन् गडी चांगला तापला की त्यालाच बाहेर बसवायचं, टॉवेल पांघरून. कोटवाल्या मास्तरला हे कोण सांगणार? मी सांगायचे रोज. ऐकायचा न्हाई.

आता माझं खरं दुखणं ऐका. तुम्ही गेल्यावर आत्यांनी टीव्हीवर चादर टाकली. तुमची आई ती, मी काय बोलणार? अकरा वाजले की भिंतीकडं तोंड करून पडायच्या. मी चहा केला की म्हणायच्या, "नको गं." पाच महिने चहाचा घोट न्हाई, अर्धी भाकरी, बोलणं तर न्हाईच. डॉक्टर म्हणला आजार कसलाच न्हाई. मला भ्या वाटायला लागलं व्हतं. तुमच्या मागं ह्याबी चालल्या का काय!

भाऊजी गेले आन् मी रागारागानं भांडी घासाय बसले, तवा एकेक आठवाय लागलं. सुट्टीच्या दिवशी तुम्ही मला सहालाच उठवून मॅच लावायचा. त्या दिवशी तुम्हालाबी ठावं नसणार कोण जिंकणार. आन् त्याच दिवशी तुम्ही जिंकायचा! मी म्हणायचे, लागला तुक्का. आन् साडेनऊ झाले की "मशीन तापलं" म्हणून टीव्ही बंद, चल बाजारात. मशीन तापलं व्हय? दहाची मॅच मला दिसू नये म्हणून!

मग त्याच्याही मागचं आठवलं. मला ताप व्हता आन् तुम्ही चहा ठेवाय गेला, तवा आत्या कडाडल्या व्हत्या, "गडीमाणूस स्टोपाशी? आळी हसंल." तुम्ही भांडं खाली ठेवलं. त्याच आठवड्यात पैज निघाली. पहिल्यांदा हरला तवा आत्याच म्हणल्या, "शब्द दिलाय ना? कर मग." आन् बशी भरून फुर्रकन प्यायल्या.

माझा हात राखेतच राहिला.

निजायचं सोडून अकरापतूर जागत बसायचा, हरायला! सांगायचं तरी एकदा. मी आळीला तुमच्यावर एवढं हसवलं नसतं. का हसवलंच असतं? हसवलंच असतं बहुतेक.

आज बास्केटबॉलची फायनल व्हती. म्हणलं, आपली खरी परीक्षा घेऊ. सहाला चादर काढली, आवाज बंद ठेवला. मी पांढरे घेतले. निळ्यांचा तो बुटका चांगला हाय पण दमतो, हे माझं मत. तर तो दमला न्हाई! शेवटच्या घटकेला टाकला त्यानं, आन् पांढरे एका गुणानं गेले. पंचीणबाई पहिल्याच पेपरात नापास. चहा केला एकटीनं, आन् प्याले.

दहाला परत लावली. आवाज मोठा केला. आत्या भिंतीकडंच.

"आत्या, फायनल हाय. कोण घेताय, पांढरे का निळे?"

भिंतीकडं तोंड ठेवूनच त्यांनी इचारलं, "माझ्या लेकानं कुठलं घेतलं असतं?"

मी खोटं बोलले न्हाई. म्हणलं, "त्यांनी पांढरे घेतले असते."

"मग मला निळे दे. तो कायम हरायचा."

आन् अहो, त्या उठून बसल्या! भिंतीला टेकून, पाय पसरून, पहिल्यासारख्या. दिसतंय थोडंच, पण निळ्यांचा बाल जाळीत गेला की मला कोपरानं ढोसायच्या. मी पांढऱ्यांसाठी वरडत व्हते, मास्तरला शिव्या देत व्हते. ठावं असून असं वरडायचं किती अवघड असतं वो! तुम्ही चार वर्सं कसं केलं? शेवटचा बाल गेला तवा आत्या टाळी वाजवून म्हणल्या, "हरलीस. ऊठ आता. साखर जरा जास्त टाक, तो टाकायचा."

दोन बशा प्यायल्या. फुर्र फुर्र. वर म्हणत्यात कशा, "तुलाबी खेळातलं काय कळत न्हाई गं."

मी स्टोकडं तोंड करून हसत व्हते. डोळ्यात राकेलचा धूर गेला व्हता, असं समजा.

तर आता कबूल करून ठेवते. बास्केटबॉल संपलं, उद्यापासनं बेसबॉल. सहाला मी तुमच्याशी खरं खेळंन, पहिली टीम तुमची. आन् दहाला आत्यांशी हरंन, त्या हायेत तवर रोज. मधनं एखादा दिस जिंकंन, त्यांना संशय येऊ नये म्हणून. सुट्टीचे चहा तुम्ही खरे जिंकला व्हता, तेबी कबूल. नळावर उद्याच सांगते, आमच्या ह्यांना खेळ लई कळायचा. कसं ते सांगणार न्हाई.

आन् आत्या कवा तिकडं आल्या, घाई न्हाई कसली, तर त्यांच्यापाशी तोंड उघडू नका. फाट्यावरचं हाटेल आपल्या दोघांतच राहू द्या.

तुमच्या हाताखाली लबाडी शिकलेली,
कमल