ताण नको म्हणून

१० नोव्हेंबर २००२, रविवार
दसऱ्याला दवाखान्यातून घरी आलो, त्याला आज सव्वीस दिवस. ही वही डॉ. बाईंच्या सांगण्यावरून. "काका, आजवर ओरडून मोकळे होत होता, आता लिहून मोकळे व्हा." तीस वर्षं फौंड्रीत सुपरवायझर. भट्टीच्या ब्लोअरपुढं हळू बोललेलं कुणाला ऐकू जातंय? घरीही तोच आवाज आणला. आता ओरडणं बंद, मीठ बंद, जिना दिवसातून एकदा. सकाळी रंकाळ्यावर अर्धा तास चालायचं, मग दहा श्वास मोजायचे.

अक्काचा आजऱ्याहून फोन. दर रविवारी असतोच. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा, या थोरल्या बहिणीनंच वाढवलं. पन्नाशी उलटली तरी तिच्यासाठी मी तम्माच, धाकटा भाऊ. "तम्मा, भाऊबीज ऱ्हायली म्हणून मनाला लावून घिऊ नगंस. थंडी सरली की मीच येतो बघ."

१४ नोव्हें.
मुलगा महेश पहाटेच कंपनीच्या कामाला म्हणून गडहिंग्लजला गेला. संध्याकाळी आला, जेवला नाही. "डोकं दुखतंय अप्पा."
घरात सगळे पाय न वाजवता चालतात. टीव्हीवर बातम्या लागल्या की सौ. चॅनल बदलते. कुणी भेटायला आलं की ती आधी दारातच काहीतरी कानात सांगते. मग तो माणूस आत येऊन नुसता हसत बसतो. मी हार्टचा पेशंट आहे का बाळंतीण, कळेना.

१७ नोव्हें., रवि.
अक्काचा फोन नाही. मी लावतो म्हटलं तर महेश म्हणाला, तिकडची लाईन बंद आहे, केबल तुटलीय.

२१ नोव्हें.
जिना चढताना छाती आवळल्यासारखी झाली. पायरीवरच बसलो. जिभेखालची गोळी घेतली, पाच मिनिटांत उतार पडला. सौ. मंडईत गेली होती. आल्यावर बोललो नाही. बिचारी आधीच निम्मी झालीय.

२४ नोव्हें., रवि.
लाईन अजून बंदच. म्हटलं, मग पत्र टाकतो अक्काला. सौ. ताडकन उठून आत गेली. बाथरूमचा नळ कितीतरी वेळ चालू. पाणी वाया घालवते म्हणून डोकं फिरलं. दहा श्वास मोजले. वीस मोजले.

२ डिसें., सोम.
रंकाळ्यावर मारुती भेटला. उचगावचा, माझ्या हाताखाली मोल्डर होता. लांबूनच हाक, "काय सायेब, कशी हाय तब्येत?" मग जवळ येऊन हात धरला. "अक्का लई चांगलं माणूस. मातीला समदी आलती, तुमी तेवढं न्हवता. म्हटलं, डाक्टरनं सोडलं नसंल."
कुठल्या अक्का म्हणून विचारलं.
त्याचं तोंड उतरलं. "आजऱ्याच्या. तुमच्या. महेशबरोबर मीच गेलतो की गाडीतनं. अजून सांगितलं न्हाई व्हय? ईस दिस व्हत आलं की!"

कट्ट्यावर बसलो. हे नीट लिहून ठेवतो. छातीला काही झालं नाही. नुसता रडलो, चालायला आलेली माणसं बघत होती तरी. मारुती पाठीवरून हात फिरवत "चुकलं सायेब, चुकलं" म्हणत राहिला.
जिनं मला भरवलं, तिच्यावर मूठभर माती माझ्या हातची पडली नाही.

३ डिसें.
काल घरी येऊन ओरडलो. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. महेश म्हणाला, "अप्पा, ऐकून तुम्हाला काही झालं असतं तर?" म्हटलं, झालं असतं ते माझं मी बघितलं असतं. माझी बहीण होती ती.

आज सकाळी पोह्यांची ताटली समोर ठेवून खाली बसली. "मी तरी कुठं गेले मातीला? तुमच्यापाशी थांबले. लग्न होऊन आले तेव्हा मला धड भाकरी येत नव्हती. अक्कांनी शिकवली, कुणाला कळू न देता. तुमच्यासमोर हसत होते आणि आत नळ सोडून रडत होते."
त्या नळाचा मला राग आला होता. शरम वाटली. दोघंही रडलो. पोहे गार झाले, ती गरम करायला घेऊन गेली.

५ डिसें.
डॉ. बाईंना सगळं सांगितलं. सौ. म्हणाली, "तुम्हीच म्हणाला होता ताण नको." त्या म्हणाल्या, "ताण नको म्हटलं. दुःख नको असं कसं म्हणेन? माणूस गेलं की रडायचं, सगळ्यांनी मिळून रडायचं. एकट्यानं गिळायचं नाही." मग सौ.चंही बीपी बघितलं. चांगलंच वाढलंय. तिलाही गोळी, तिलाही चालणं.
मला विचारलं, "मधे छातीत काही जाणवलं?" सौ. शेजारीच. स्वतःचं बीपी ऐकून आधीच पांढरी पडलेली.
"नाही," म्हटलं.

७ डिसें.
बुधवारी आजऱ्याला जायचं ठरलं. अक्काला शेतातच, काजूच्या झाडांपलीकडं ठेवलंय म्हणे. सौ.नं विभूती काढून ठेवली, बेल निघायच्या सकाळी घेऊ म्हणाली.
संध्याकाळी तिनं महेशला आणि मला समोर बसवलं. "इथून पुढं या घरात कुणी कुणापासून काही लपवायचं नाही. माझी शपथ." महेश हो म्हणाला. मीही म्हणालो.

९ डिसें., सोम.
चालताना परत. २१ तारखेपासून चौथ्यांदा; मधल्या दोन वेळा इथंही लिहिल्या नाहीत. या वेळी दोन गोळ्या लागल्या, हातापर्यंत कळ आली.
सांगावं तर बुधवार रद्द. परत दवाखाना, परत तिचं बीपी. अक्काच्या मातीपर्यंत एकदा पोचतो, मग सांगतो, असं सकाळपासून मनात चाललंय. पण वाटेत काही झालं तर पोरगं गाडी धरणार का मला? आणि शेजारी बसलेली ही काय करणार?
ज्यावरून त्यांना एवढं बोललो, तेच मी करतोय. कारणही तेच.

सौ. आत भाकऱ्या करतेय. आत्ताच हाक मारली. तिथनंच म्हणाली, "काय हो?" म्हटलं, जरा इकडं ये.
"तव्यावरची भाजू दे, आले."
गॅस बंद झाल्याचा आवाज आला. पहिलं वाक्य अजून जुळत नाही.