उचकीवरची सुई

मंगळवार, ४ मार्च
उचकी! तीही ऑफिसात, बायकोच्या शोकसभेत! साहेब म्हणाले, "दोन मिनिटं शांत उभे राहू या." त्या शांततेत मी — उक्! पाइपात हवा अडकल्यासारखा आवाज. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. शेजारच्या टेबलावरचा भोंगा (हळू बोलणं त्याला जमतच नाही) मान खाली घालून म्हणाला, "वहिनी आठवण काढतायत हो." मग सगळेच माझ्याकडे तसे बघायला लागले. साहेबसुद्धा.

ती गेली त्या दिवसापासून हे चालू आहे. तिला पोचवून घरी आलो, चपला काढल्या, आणि पहिली उचकी आली.

गुरुवार, ६ मार्च
पाणी पिऊन झालं, श्वास कोंडून झाला, साखर चघळून झाली. काल थोरल्या ताईने दचकवायला म्हणून मागून पाठीत धपाटा घातला. दचकलो नाही, चष्मा मात्र पडला.
"माझ्या सुईवाल्या बाईंकडे चल. गुडघा बघ माझा, कसा पळतोय!"
"उचकीला सुया?"
"तुला काय करायचंय? गपचूप टोचून घे."
हो म्हणालो. पण खरं सांगायचं तर मला उचकी थांबायला नकोय. आठवण काढली की उचकी लागते हे मी जन्मात मानलं नाही. मी पाणीपुरवठ्याचे नकाशे काढणारा माणूस. पण हल्ली उचकी लागली की वाटतं — आहे. तिकडून लाइन चालू आहे.

सोमवार, १० मार्च
ऑफिसच्या आधी सुईबाई. झेरॉक्सच्या दुकानावरची खोली, दोन खाटा, मध्ये पडदा. भिंतीवर एका टकल्या माणसाचा नकाशा, अंगभर रेघा आणि ठिपके.
आधी जीभ बघितली. दाखवताना उचकी आली, जीभ चावली. मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून बाई बराच वेळ ऐकत राहिल्या, दुसऱ्याच्या घरातलं भांडण ऐकावं तशा.
"चिनी वैद्य म्हणतात, अंगातून ची वाहते. म्हणजे प्राण म्हणा. तिच्या वाटा ठरलेल्या. तुमची खाली उतरायची ती उलटी वर चढतेय."
"उलटा दाब," मी म्हणालो.
"हं, तसंच."
भिंतीवरच्या नकाशाला स्केल नाही! विचारल्याशिवाय राहवेना. तर म्हणे माप ज्याच्या त्याच्या अंगठ्याचं. माझ्या अंगठ्याची रुंदी हा माझा एक त्सुन. दुसऱ्याच्या अंगाला तो चालत नाही. माणसागणिक वेगळं स्केल! असा नकाशा मी टेबलावर ठेवला तर साहेब मला नकाशासकट खिडकीबाहेर टाकतील.
सुया मनगटात, पोटावर, गुडघ्याखाली. उचकी छातीत आणि सुई पायात! "आजार रेड्याला, औषध पखालीला," तोंडातून निघून गेलं. पडद्यापलीकडे कोणीतरी खो-खो हसलं. बाईंनी पुढची सुई काढली.
"तुमच्या नळाचा व्हॉल्व नळाखालीच असतो का हो?"
नसतो. चार गल्ल्या सोडून असतो.
सुई केसासारखी बारीक. टोचली ते कळलं नाही, पण मग आतून एक जड, बोथट कळ सरकत गेली. "ची आली!" बाई खूश. शेवटची टाळूवर — मन निवायला म्हणे.
"दुःख फुप्फुसात साठतं असं ते मानतात. रडलात का?"
"सवय नाही."
पडल्यापडल्याच उचकी थांबली. तशीच थांबलेली.
ऑफिसात आज सगळे फार चांगले वागले. भोंगा चक्क कुजबुजत बोलला. साहेबांनी उठून खुर्ची दिली. बोलताना सगळे माझ्या डोळ्यांत न बघता जरा वर बघत होते. माझं दुःख इतकं दिसतं?

सोमवार, पुन्हा
कंगवा अडकला. टाळूवर सुई! बाई काढायला विसरल्या. सकाळपासून तशीच, ताठ!

मंगळवार, ११ मार्च
भोंग्याला धरलं. "दिसली होती ना?"
"सगळ्यांनाच दिसली. साहेब म्हणाले, दुःखातला माणूस आहे, कोणी बोलायचं नाही. मला वाटलं, तुमच्यात अशी रीत असेल."
सुई टोचायची रीत! कोणाच्यात असते?
उचकी अजून नाही. ताईने शेजारीपाजारी सांगून टाकलं. मी दोनदा मुद्दाम घाईघाईने जेवलो. काही नाही. लाइन बंद.

बुधवार, १२ मार्च
बाईंकडे गेलो. सुई परत दिली. त्यांनी हात जोडले, कान पकडले, परत हात जोडले. म्हटलं, ते असू द्या. जिथे बंद केलंत तिथेच परत चालू करून द्या.
"काय?"
"उचकी."
"अहो, थांबवायला येतात लोक. सुरू करायची सुई मला शिकवलेली नाही." मग हळूच, "घरी कोणाला दिसली नाही का? सुई आहे म्हणून कोणी बोललं नाही?"
नाही म्हणालो.
जिना उतरताना एकदम ती डोळ्यांपुढे आली. ती असती तर दारातच अडवलं असतं — "अहो, थांबा! डोक्यात काय खोचून निघालात?" चवडे उंचावून, माझा खांदा धरून, चिडून उपटली असती. कॉलरवरचा धागासुद्धा सोडायची नाही. साहेबांच्या मुलीच्या लग्नात मला वाकवून कानामागचा साबण पुसला होता, सगळ्यांदेखत. केवढा रागावलो होतो! झेरॉक्सवाला विचारत होता, काका, पाणी देऊ का? तेव्हा कळलं की मी पायरीवर बसलोय, आणि चष्मा धुऊन निघालाय.
इतके दिवस ती माझी आठवण काढते की नाही तेवढंच मोजत होतो. मी तिची एकदाही काढली नव्हती.

गुरुवार, १३ मार्च
उचकी नाही. सकाळपासून मीच तिची आठवण काढतोय. तिला उचकी लागली की पाणी मी द्यायचो. तिकडे कोण देत असेल?