एक दहाचा फोन

१२ सप्टेंबर २००९, शनिवार

डबा आला! विक्रांतभाऊजींनी न्यू जर्सीहून मित्राबरोबर पाठवला. साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा, काळा, लुकलुकणारे दोन दिवे. एका बाजूने केबलवाल्याच्या नेटची वायर घालायची, दुसऱ्या बाजूने आपला फोन — की बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातला आमचा फोन अमेरिकेचा! नंबरसुद्धा तिकडचा. इथून तिकडे, तिकडून इथे, भारतातही कुठे, कितीही बोला. सगळं भाऊजींच्या प्लॅनमध्ये.

महेंद्र म्हणाला, मग जुनी लाईन कशाला ठेवायची? आपल्या दोघांकडे मोबाईल आहेत. सोमवारी बंद करायचा अर्ज टाकतो.

आई — माझ्या सासूबाई — चपाती लाटता लाटता थांबल्या. "राहू दे ना तो फोन. खायला मागतोय का काय?"

नऊ वर्षांत त्यांनी कशाला नको म्हटल्याचं मला आठवत नाही. महेंद्रने माझ्याबद्दल घरी सांगितलं तेव्हासुद्धा एवढंच विचारलं होतं म्हणे — "मुलीला मासे चालतात का?"

१४ सप्टेंबर

अर्ज दिला. आई जेवल्या नाहीत. पोट बरं नाही म्हणाल्या.

१९ सप्टेंबर, शनिवार

जुनी लाईन बंद. डब्यावरचा फोन सुरू. यशू अर्धा तास काकाशी बोलली, आवाज इतका स्वच्छ की शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा.

पण एक भानगड आहे. समोरच्या बिल्डिंगमध्ये फोन लावायचा तरी आधी ०११, मग ९१, मग २५१, मग नंबर. म्हणजे अमेरिकेत जाऊन परत यायचं! आणि इथल्या कोणाला आम्हाला फोन करायचा तर थेट आयएसडी! हे आधी कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

आईंनी यशूकडून ते आकडे वहीच्या कागदावर मोठे मोठे लिहून घेतले.

"आजी, कोणाला लावायचाय?"

"कोणाला नाही गं. माहीत असलेलं बरं."

सात वर्षांची पोर आजीला शिकवते म्हणून मला कौतुक वाटलं.

२२ सप्टेंबर

लाईट गेली की फोनही गेला!! तीन तास मुका. जुन्या फोनला लाईट लागत नव्हती.

२६ सप्टेंबर, शनिवार

अक्षर नीट येत नाहीये.

संध्याकाळी भाऊजींचा फोन. हसत होते. "वहिनी, आमच्या मातोश्रींना नवीन मैत्रीण मिळाली का? इथे वेबसाइटवर सगळे कॉल दिसतात. सोमवारपासून रोज तुमच्या दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी एकच नंबर! वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं... तुमच्या जुन्या बिलात काय, लोकल कॉल कुठे लावले ते यायचंच नाही!"

मीही हसले. म्हटलं, द्या नंबर, आता पकडतेच आईंना.

त्यांनी वाचला. मी परत वाचायला लावला. दोनदा.

तो माझ्या माहेरचा नंबर आहे. उल्हासनगर, कॅम्प चार.

आण्णा — माझे वडील — म्हणाले होते, "त्या घरात गेलीस तर आम्हाला मुलगी नव्हती असं समजू." त्या घरात म्हणजे बौद्धांच्या घरात. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा आण्णांनी माझा आवाज ऐकला आणि ठेवून दिला. चौथ्यांदा माझी हिंमत झाली नाही.

आधी वाटलं — माई! माझी आई सासूबाईंशी चोरून बोलते! ऊर भरून आला. भाऊजी पलीकडून हॅलो हॅलो करतायत आणि मी रडतेय.

मग आठवलं. एक ते चार माईचा शिवणाचा क्लास असतो, बाजारातल्या गाळ्यात. मी शाळेत होते तेव्हापासून. एक दहाला माई घरात नसतेच.

मग फोन उचलतं कोण?

२७ सप्टेंबर, रविवार

महेंद्र यशूला चपला घ्यायला घेऊन गेला. मी ओट्यापाशी जाऊन सरळ विचारलं.

आईंनी नळ बंद केला. "तुझे आण्णा."

मला कळलंच नाही. परत विचारलं. परत तेच!

मग त्या सांगत गेल्या. "यशू झाली तेव्हा तू गुंगीत 'माई, माई' करत होतीस. माझ्याने बघवलं नाही. तुझ्या डायरीतून नंबर काढला. पुरुषाचा आवाज आला. मी म्हटलं, चैत्रालीला मुलगी झाली, अडीच किलोची, दोघी बऱ्या आहेत. ते बोलले नाहीत. पण ठेवला पण नाही. दुसऱ्या दिवशी परत लावला. आज हे झालं, आज ते झालं, एवढं सांगायचं नि ठेवायचं. बाराव्या दिवशी पहिल्यांदा बोलले — 'दूध पुरतं का तिला?'"

सात वर्षं! रोज! या त्यांना "भाऊ" म्हणतात. ते यांना "ताई" म्हणतात. आण्णा! लग्नाआधी महेंद्र घरी आला तेव्हा त्याचा कप वेगळा ठेवायला लावणारे आण्णा!

त्यांना सगळं माहीत आहे. यशूच्या कांजिण्या, माझी अंबरनाथची नोकरी, माझं दुसरं बाळ पोटातच गेलं ते, महेंद्रशी भांडून मी दोन दिवस बोलले नाही तेसुद्धा. मी ज्या भिंतीवर डोकं आपटत होते, तिच्या आतून ते ऐकत होते!

"आणि माई?"

आई खाली बघत म्हणाल्या, "माईंना सांगितलं नाही त्यांनी. म्हणाले, तिला कळलं तर ती धावत निघेल. मग मी चार लोकांत तोंड कसं दाखवू?"

"माईला नात आहे, हे तरी माहीत आहे का?"

"ते मी कधी विचारलं नाही गं."

मी ओरडले. काय काय बोलले ते लिहवत नाही. शेवटी म्हटलं, आजपासून त्या नंबरवर या घरातून फोन जायचा नाही.

"बरं," म्हणाल्या आणि नळ सोडला. नुसतं "बरं"!

२८ सप्टेंबर, सोमवार

अशोक विजयादशमी. सकाळी विहारात जाऊन आलो. आई पांढऱ्या साडीत. दुपारी एक दहाला त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मीही पाहिलं.

२९ सप्टेंबर

आज ऑफिसात एक दहाला हातातलं काम थांबलं. त्या घरात आत्ता आण्णा फोनपाशी बसले असतील. बसू देत!

३० सप्टेंबर

महेंद्रला सगळं सांगितलं. त्यालाही पत्ता नव्हता! म्हणाला, "माझ्या आईवर कशाला काढतेस? तिने काय वाईट केलं? जाब विचारायचा तर त्यांना विचार."

खरं आहे. संध्याकाळी आठला, माई घरी असते त्या वेळी फोन घेऊन बसले. ०११-९१-२५१ पर्यंत दाबलं. ठेवला. परत दाबलं. परत ठेवला.

नऊ वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी आण्णांना घाबरते. आज कळलं, तसं नाही. माईने उचलला आणि तिनेही ठेवून दिला तर? ही ती भीती.

आईंना सॉरी म्हणायला गेले. त्या यशूच्या फ्रॉकला बटण लावत होत्या. म्हणाल्या, "ते काळजी करत असतील, एवढंच डोक्यात येतं." मी सॉरी न म्हणताच परत आले.

२ ऑक्टोबर, शुक्रवार

सुट्टी होती म्हणून बरं! सकाळी दहाला बेल वाजली. दारात माई. केस पांढरे झालेत. एकटी. हातात मोठी बॅग.

आण्णा चार दिवस आमचा जुना नंबर लावत होते; तो बंद झाल्याचं आईंनी त्यांना सांगितलंच नव्हतं. सात वर्षांत त्यांनी स्वतःहून कधी लावला नव्हता. दर वेळी ऐकू यायचं, हा क्रमांक अस्तित्वात नाही. काल माई क्लासवरून लवकर आली, तर रिसीव्हर मांडीवर घेऊन ते रडत होते. मग सगळं सांगितलं त्यांनी. पत्ताही त्यांनीच दिला.

"सात वर्षं माझ्या शेजारी बसून जेवले गं," माई म्हणाली. "एकदाही घास अडकला नाही त्यांच्या घशात?"

आईंनी तिला पाणी दिलं. मी विचारलं, संध्याकाळी महेंद्र सोडायला येईल, किती वाजता निघशील?

"मी परत जायला आले नाही," माई म्हणाली.