खिडकीतला घास

५ जानेवारी
केदारखेड्याहून भोकरदनला आले, नातवाच्या नव्या घरी. मी बोलते, नातू सोमेश्वर लिहितो; दिवाळीत फुप्फुसं बदलल्यापासून त्याला दुसरं काम तरी काय? निळ्या शाईचा पेन मीच आणला. घर झकास, उन्हाचं. फक्त नातसून सुरेखाचा कायदा कडक: माती न्हाई, कुंडी न्हाई, पाखरू न्हाई. माझं लुगडं दारातच झटकायला लावलं. मला उकळून घ्यायचंच तेवढं राह्यलं. हसू नको सोम्या, लिही.

९ जानेवारी
ही फुप्फुसं कुण्या मेलेल्या पोराची. नाव ठाऊक न्हाई, गाव ठाऊक न्हाई. त्याच्या श्वासावर माझा नातू जगून राह्यला, आणि त्याच्या नावानं घास काढायची कुणाला आठवण न्हाई! सुरेखा शाळेवर गेली की मी खिडकीबाहेरच्या पत्र्यावर दहीभात ठेवते. कायदा घरातला, पत्रा घराबाहेरचा. सोम्या म्हणतो, त्याला लोणचंही वाढ.

२० जानेवारी
कावळा शिवेना. कबुतरंच येतात, खाणं कमी, घाण जास्त. उरलेल्या भातावर हिरवी बुरशी. सोम्या खोकून राह्यला. हवा लागावी म्हणून खिडकी उघडीच ठेवते.

२ फेब्रुवारी
शहरातल्या डॉक्टरनं नळी घालून पाहिलं. फुप्फुसाच्या मोठ्या रक्तवाहिन्या जोडतात, म्हणे, पण श्वासनळीला पोसणाऱ्या बारीक वाहिन्या जोडत न्हाईत. नव्या फुटेपर्यंत श्वासनळीच्या जोडाला रक्त कमी. तिथंच बुरशी बसली. सुरेखा पत्रा बघून रडली. म्हणाली, पाखराचं सांगितलं होतं ना. सांगितलं होतं, बाई! कायदा सांगितला, कारण कुणी सांगितलं? आता सगळे शहाणे.

६ फेब्रुवारी
घास बंद. पत्रा धुतला. कबुतरं जाईनात. काचेवर चोची — टक, टक. औषध चालू, खोकला थांबेना. त्या मेलेल्या पोराला मीच घासाची सवय लावली का —

८ फेब्रुवारी
डॉक्टर फोनवर म्हणाला, बुरशी मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत पोचली असंल तर ती फुटंल, जल्दी निघा. सुरेखा गाडी आणायला गेली. अजून न्हाई. पत्रा कबुतरांनी भरला. सगळी आत बघून राह्यलीत, आवाज न्हाई —

तिकडं बघू नको. लिहीत राहा, म्हणजे मला कळंल तू —

हळू का झालास? मला अक्षर कळत न्हाई, पण शाई निळी होती. सोम्या, हे लाल कुठून —