डाव्याच डोळ्याच्या पापण्या

ता. ४ मार्च

चि. टिकटिक हीस मामाचे आशीर्वाद, आणि तुझ्या मामीचेही. तिचे वेगळे लिहिले नाहीत तर ती रुसते.

पत्रास कारण, माझा निकाल लागला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दाब मोजला, दोन्हीकडे पंधरा. काचबिंदूचं औषध इतकं नेमानं टाकणारा पेशंट त्यांनी पाहिला नाही म्हणे. मी मान खाली घालून कौतुक ऐकून घेतलं. तू सहा वर्षं डोळ्यातल्या पाण्याचाच अभ्यास करते आहेस, तेव्हा मामानं तुझं नाव राखलं असं समज.

एक तक्रार आहे. या थेंबांनी पापण्यांचे केस वाढतात. मामी म्हणते, मी वासरासारखा दिसतो. आपल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाला चाळीस वर्षं झाली म्हणून फोटो काढला, तो सोबत पाठवतो आहे.

लोभ आहेच, तो मोजायला यंत्र लागत नाही.
तुझा मामा

ता. १३ मार्च

ती. मामा-मामींना टिकटिकचा सा. न.

अभिनंदन करायलाच बसले होते, पण आधी फोटो पाहिला. मामा, तुमच्या डाव्या डोळ्याच्या पापण्या नवरीसारख्या आहेत आणि उजव्याच्या घड्याळजीसारख्या. हे औषध डावं-उजवं करत नाही. म्हणजे उजव्या डोळ्यात थेंब पडतच नाही. मग तिथेही पंधरा कसे? माझा संशय असा, की तपासणीआधी आठवडाभर तुम्ही दोन्हीकडे टाकता. शाळेत मी भूगोलाचा अभ्यास असाच करायचे, आणि तुम्हीच माझा कान पिरगळला होता.

डोळ्यात पाणी सतत बनतं आणि सतत झिरपून जातं. वाट तुंबली की दाब वाढतो. तुमचा थेंब तिथल्या पेशींना निरोप देतो, की आजूबाजूची वीण जरा सैल करा. त्या ऐकतात आणि पाण्याला वाट होते. पण निरोप रोज जावा लागतो. खरं काय ते लिहा.

रागावलात तरी माया आटू देऊ नका.
टिकटिक

ता. २० मार्च

चि. टिकटिक हीस आशीर्वाद, या खेपेस जरा कमी.

तुला शिकवलं आणि घरात पोलीस आणला. होय, टाकत नाही. भिंग मी उजव्या डोळ्याला लावतो. केस वाढले की काचेवर घासतात आणि चिमट्यातला स्क्रू दिसेनासा होतो. डावा डोळा दुकानात बसून नुसता खातो, म्हणून औषधही त्यालाच. उजवा ना दुखतो, ना खुपतो. कालच त्यानं एका शिक्षिकेचं घड्याळ जिवंत केलं, ज्याला दोन दुकानांनी हात जोडले होते. वर्षभर मी हे निभावलं आहे, पुढेही निभावेन.

मागचं पत्र माझ्याच हाती पडलं म्हणून बरं; मामीला यातलं काही कळवू नये. बाकी तुझी आठवण येते, ते काही कमी झालेलं नाही.
मामा

ता. २८ मार्च

ती. मामांना सा. न.

काचबिंदू दुखत नाही, हीच त्याची लबाडी. तो कडेकडेनं नजर खातो आणि मधलं शेवटी ठेवतो, त्यामुळे स्क्रू दिसत राहतात. प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या डोळ्याच्या पेशींना मी आठवडाभर औषध दिलं आणि मग बंद केलं, तर काही दिवसांत त्या होत्या तशा झाल्या. तुमच्या आठ दिवसांचं त्यांना पुढच्या तपासणीपर्यंतचे तीन महिने काडीचं कौतुक नसतं.

मामा, मला तुमच्यासाठी भीती वाटते. तयारी न करता तपासायला जा आणि बाईंना खरं सांगा. केस न वाढवणारं दुसरं औषधही आहे, ते पाणी बनवणारा नळच बारीक करतं. तुम्हाला चालेल का ते त्या ठरवतील.

मामींना मी काही कळवलेलं नाही. पाकिटावर मात्र त्यांचं नाव घातलं आहे.

जीव लावलात, तसाच लावत राहा.
टिकटिक

ता. १५ एप्रिल

चि. टिकटिक हीस भरघोस आशीर्वाद.

पाकीट मामीनं फोडलं. पुढचं लिहीत नाही, भांडी अजून आपटताहेत. तिनंच मला दवाखान्यात नेलं. डावा चौदा, उजवा एकतीस. बाई रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. उजव्याची नाकाकडची नजर थोडी गेली आहे आणि ती परत यायची नाही. उरलेली वाचेल म्हणाल्या. औषध बदललं आहे.

आता खरं सांगतो. केसांचं निमित्त होतं. त्या डोळ्यानं आमचं घर चाललं, तुझी फी भरली. त्यात थेंब टाकायचा म्हणजे तो आजारी आहे हे रोज कबूल करायचं, आणि तेवढं धैर्य मला होईना. तू फोटो नीट पाहिलास म्हणून उरलेलं वाचलं, पोरी.

तुझाच, सुधारलेला मामा

ता. क. : टिकटिक, मी मामी लिहिते आहे. दवाखान्याच्या पायरीवर बसून हे लहान मुलासारखे रडले, ते लिहायचं विसरले. मीही रडले. आता थेंब मीच घालते. रोज सकाळी हे डोळा मिटून घेतात आणि तोंड उघडतात.