मामाचा पंखा

तारकर्ली, २ डिसेंबर

चि. अक्षया हीस, मामाचे अनेक आशीर्वाद.

गो बाये, तुझ्या कॉलेजच्या स्पर्धेतल्या बारक्या विमानासाठी लाकडी पंखो धाडलंय. अर्धांगाचो झटको इल्यापासून उजवो हात थरथरता, म्हणान वर्षभर होडयेच्या कामाक हात लावूक नाय. तुझी मामी हत्यारां विकूक निघाली. म्हटलंय, अक्षयाचा विमान उडला तर हत्यारां ऱ्हवतली, नाय तर खुशाल वीक. ट्रॉलराच्या पंख्यासारखी रुंद पाती ठेवलंय, ताकद कमी पडाची नाय!

तुझो, बाबलीमामा

कोल्हापूर, ८ डिसेंबर

ती. बाबलीमामास, सा. न. वि. वि.

आधी ओरडू नकोस. विमान उडालं नाही. इंजिन आमचं मुठीत मावणारं; तुझी रुंद पाती फिरवताना त्याला धाप लागली, तापलं आणि बंद पडलं. मला रडूच आलं, तुझ्या हत्यारांसाठी. मग पंखा सुईवर तोलून पाहिला. मामा, कुठल्याच बाजूला कलला नाही रे! तुझा हात चुकलेला नाही. तू पंखा पाण्यासाठी केलास, आम्हाला हवेत फिरवायचाय.

पाती अरुंद कर, लांबी इंचभर कमी कर, पात्यांचा पीळही थोडा काढ. फार काढू नकोस हं, नाहीतर इंजिन नुसतंच किंचाळेल आणि विमान जागचं हलणार नाही. स्पर्धा एकवीसला आहे. मामीला म्हणावं, जरा दम धर.

लोभ आहेच, ओरडलास तरी राहू दे.
अक्षया

तारकर्ली, १४ डिसेंबर

चि. अक्षयास, आशीर्वाद.

खोटा कित्याक सांगू, माका राग इलो. दोन दिस हत्यारांची पेटी उघडूक नाय. शेवटी मामीनच पटाशी हातात आणून दिल्यान आणि वर माकाच दटावल्यान, की पोरगी वाट बघता. दुसरो पंखो धाडतंय. आता काय ता तूच बघ.

मामा

कोल्हापूर, २२ डिसेंबर

ती. मामास, सा. न.

उडालं! इंजिन मोकळं झालं, विमानाने मैदानावर तीन फेऱ्या मारल्या आणि मी वेड्यासारखी नाचले. नंबर नाही आला, तिसरा थोडक्यात हुकला. उतरताना मात्र नाक दगडावर आपटलं आणि तुझा पंखा मोडला. रागावू नकोस. पुढच्या महिन्यात पुन्हा उडवायचंय, तेव्हा नवा लागेल. मैत्रिणीही मागतायत.

तुझीच, अक्षया

तारकर्ली, २७ डिसेंबर

चि. अक्षयास, आशीर्वाद.

पंखो मोडलो ह्या वाचून इतको आनंद माका कधी झालो नव्हतो. दोन तयार आसत. तिसऱ्याक मामी पॉलिशपेपर मारता. लोभ आसाच, पंखे मोडीत ऱ्हव.

मामा