स्विच बसला, पुणे टळलं
सास्तूर, रविवार संध्याकाळ

आज लई बरं वाटतंय. मुलगा राहुल आणि सून मेघा दोघंही घरूनच कंपनीचं काम करतात, पण इंटरनेटच्या राउटरला वायर लावायची जागा एकच, तिथं राहुलचा लॅपटॉप. मागच्या खोलीत वायफाय पोचत न्हाय. मेघाची मीटिंग सारखी तुटायची, म्हणून दोघं पुण्याला परत निघाले होते. 

आज राहुलनं तुळजापूरहून स्विच आणला. साबणाच्या वडीएवढी डबी! एका वायरीवर दोघांचं चालतं म्हणे. तिथनं मागच्या खोलीपर्यंत वायर आमच्या ह्यांनी भिंतीला ठोकली. डबीवर हिरवे दिवे लुकलुकले तशी मेघा ओरडली, "आई, चाललं! आता कशाला जायचं पुण्याला?"

तिनं भरलेली बॅग रिकामी केली. तिच्या साड्या कपाटात लावताना मी प्रत्येक घडी उगाच मोडून परत घातली.